शिलाई मशीन मिळालं, पुढे काय?

महिला सक्षमीकरणाचा कुठलाही अहवाल उघडा, त्यात एक फोटो हमखास असतो. रांगेत मांडलेली शिलाई मशिनं, प्रत्येक मशिनामागे एक बाई, आणि शेवटच्या पानावर प्रमाणपत्रं छातीशी धरून उभा राहिलेला सगळा वर्ग. खाली आकडा असतो, अमुक इतक्या जणींना प्रशिक्षण दिलं. हा फोटो जगाच्या पाठीवर कुठेही काढलेला असू शकतो.

फोटोत दिसत नाही ते असं: सहा महिन्यांनंतर त्यातली किती मशिनं चालू आहेत? आणि चालू आहेत त्यांवर मिळालेले पैसे कोणाच्या खिशात जातात?

'आर्थिक सक्षमीकरण' हा शब्द जड असला तरी त्याच्या पोटात दोनच गोष्टी आहेत. एक, बाईला कमावता येणं. दुसरी, कमावलेल्या पैशाचं काय करायचं हे तिला ठरवता येणं. पहिली गोष्ट मोजायला सोपी, म्हणून सगळे तीच मोजतात. दुसरीसाठी घराच्या आत डोकवावं लागतं, आणि तिथे सरकारी फॉर्म सहसा पोचत नाही. पण खरा घोळ तिथेच असतो. दिवसभर राबणाऱ्या, चार पैसे आणणाऱ्या आणि तरीही औषधाला पैसे मागायला हात पसरावा लागणाऱ्या बायका काही कमी नाहीत. त्यांना कमावत्या म्हणता येईल, सक्षम म्हणणं कठीण आहे.

प्रशिक्षण सगळ्यांना आवडतं, कारण त्यात कोणाचं काही काढून घ्यावं लागत नाही. वारसाहक्काचा कायदा बदला, भाऊ नाराज. समान वेतन म्हणा, मालक नाराज. कर बदला, मतदार नाराज. शिवणक्लास काढा, कोणीच नाराज नाही. शिवाय त्यात एक गृहीतक दडलेलं असतं: कमतरता बाईत आहे, तिला काहीतरी येत नाही, ते शिकवलं की झालं. हे गृहीतक अधूनमधून खरं असतं. बऱ्याचदा मात्र बाईला येत सगळं असतं, अडलेलं असतं दुसरीकडेच.

म्हणजे कुठे? वर्गात येणाऱ्या एकीचा दिवसच घ्या. वर्ग अकरा ते दोन. अकराला पोचायचं तर त्याआधी पाणी, स्वयंपाक, धुणं, शाळेत जाणाऱ्याचं आवरणं, घरातल्या म्हाताऱ्या माणसाचं औषधपाणी. धाकटं मूल बरोबरच येतं, कारण त्याला ठेवणार कुठे? ते आधी मशिनाच्या चाकाशी खेळतं, मग रडतं, मग तिच्या मांडीवर झोपतं, आणि ती एका हाताने कापड सरकवत राहते. एक वाजला की तिचं लक्ष घड्याळाकडे. दोनला शाळा सुटते, आणि वर्गही दोनलाच सुटतो, म्हणून ती रोज वीस मिनिटं आधी उठते. शिवणातला सगळ्यात अवघड भाग, म्हणजे बाही बसवणं, बाईंनी नेमका शेवटच्या वीस मिनिटांत घेतला. हजेरीपटावर ती शंभर टक्के हजर आहे. बाही मात्र तिला येत नाही. शिकवणाऱ्या बाईंचा दोष नाही आणि तिचाही नाही. दोष असलाच तर वेळापत्रकाचा, आणि त्या वेळापत्रकाला कोणी तिच्या दिवसाबद्दल विचारलंच नव्हतं.

या दिवसाचा जागतिक हिशेबही झालेला आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने 2018 मध्ये मांडलेल्या अंदाजानुसार जगभरात रोज 16.4 अब्ज तास बिनपगारी घरकाम आणि देखभालीत जातात, आणि त्यातला तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा बायकांचा असतो. या कामाला पगार नाही, सुट्टी नाही, आणि देशाच्या उत्पन्नाच्या आकड्यातही ते धरलं जात नाही. तेव्हा 'बायका काम करत नाहीत, त्यांना कामाला लावू या' असं म्हणणारं धोरण पहिल्याच वाक्यात घसरतं. काम त्या करतातच. प्रश्न त्यांच्या वेळेचा आहे, आणि वेळ प्रशिक्षणाने वाढत नाही.

आता कायदा. हा अडथळा फार जुना वाटतो, पण वाटतो तितका जुना तो नाही. फ्रान्समध्ये विवाहित स्त्रीला नवऱ्याच्या संमतीशिवाय नोकरी धरता येऊ लागली, स्वतःच्या नावाने बँकेत खातं उघडता येऊ लागलं, ते 1965 च्या कायद्यामुळे. स्पेनमध्ये अशा व्यवहारांना नवऱ्याची परवानगी लागायची, ती अट 1975 मध्ये गेली. पश्चिम जर्मनीत 1977 पर्यंत कायद्यातच लिहिलेलं होतं की पत्नीला नोकरी करता येईल, पण संसाराच्या कर्तव्यांना बाध येत नसेल तरच. अमेरिकेत बाई आहे म्हणून किंवा लग्न झालंय म्हणून कर्ज नाकारायला बंदी आली ती 1974 मध्ये. एरवी 'पुढारलेले' म्हणून ज्यांचे दाखले दिले जातात त्याच देशांची ही गोष्ट आहे. सही करायला नवरा लागायचा हे प्रत्यक्ष अनुभवलेल्या बायका तिथे आजही हयात आहेत.

कायदा बदलल्याने खरंच फरक पडतो का? इथिओपियात हे जरा नीट तपासता आलं. तिथे 2000 साली कुटुंब कायदा बदलला. बायकोला घराबाहेर काम करायला मनाई करण्याचा नवऱ्याचा अधिकार काढला गेला, आणि लग्नाचं किमान वय वाढवलं. पण हा बदल सगळ्या देशात एकदम लागू झाला नाही. काही प्रांतांत आधी झाला, काहींत नंतर. त्यामुळे संशोधकांना दोन्हीकडच्या बायकांची तुलना करता आली. जिथे कायदा आधी बदलला, तिथे घराबाहेरच्या आणि जास्त कौशल्याच्या कामांत बायकांचं प्रमाण जास्त वाढलं. यासाठी कोणी शिवणक्लास काढला नव्हता. एक अडसर काढला होता, एवढंच.

अर्थात कागदावरचा अडसर काढणं आणि दार उघडणं यांत अंतर असतं. जागतिक बँक वेळोवेळी देशोदेशीच्या कायद्यांचा आढावा घेते. 2024 च्या आढाव्यात हिंसाचारापासून संरक्षण आणि बालसंगोपन हे मुद्देही धरले, तर जगात सरासरी बाईला पुरुषाच्या जवळपास दोन तृतीयांशच कायदेशीर हक्क असल्याचं दिसलं. त्याहून बोलका आकडा पुढचा आहे. ते कायदे राबवायला लागणारी यंत्रणा, म्हणजे कार्यालयं, तक्रारीची सोय, पैसा, माणसं, ही सरासरीने चाळीस टक्क्यांपेक्षाही कमी उभी आहे. म्हणजे हक्क कागदावर आहे, पण तो मागायला जायचं तर खिडकीच नाही, अशी अवस्था.

चांगल्या हेतूच्या कायद्यातून कोण गळतं तेही बघावं लागतं. रवांडाचं उदाहरण यासाठी मला फार महत्त्वाचं वाटतं. तिथे 1999 च्या कायद्याने मुलींना वारसाहक्कात बरोबरीचं स्थान मिळालं, आणि पुढे जमिनींची पद्धतशीर नोंदणी सुरू झाली. नोंदणीत नवरा-बायको दोघांची नावं लागायची. सुरुवातीच्या, प्रायोगिक टप्प्याचा अभ्यास झाला तेव्हा कायदेशीर लग्न झालेल्या बायकांची स्थिती सुधारलेली दिसली. पण ज्यांच्या लग्नाची सरकारदरबारी नोंद नव्हती, त्यांचा जमिनीवरचा कागदोपत्री हक्क उलट कमी झाला होता. कायद्याने 'पत्नी' हा शब्द वापरला होता, आणि त्या शब्दात न बसणारी बाई बाहेर राहिली. अशा वेळी दोष शोधायला फार लांब जावं लागत नाही, व्याख्येच्या कलमात तो सापडतो.

जमिनीबद्दल इतकं बोलायचं कारण तारण. बँक कर्ज देताना विचारते, तारण काय? घर, शेत, दुकान ज्याच्या नावावर, त्याला कर्ज. बाईच्या नावावर काहीच नसेल तर तिचा धंदा कितीही चांगला चालो, तिला मोठं कर्ज मिळत नाही. मग ती छोट्या, बिनतारणी, गटाच्या जामिनावर मिळणाऱ्या कर्जाकडे वळते. बांगलादेशात मुहम्मद युनूस यांनी उभ्या केलेल्या ग्रामीण बँकेने हा मार्ग जगभर नेला. 1983 मध्ये ती रीतसर बँक झाली, आणि 2006 चं शांततेचं नोबेल दोघांना मिळून मिळालं. त्यानंतर अशी लाट आली की सूक्ष्मकर्ज म्हणजे गरिबीवरचं रामबाण औषध असंच बोललं जाऊ लागलं. 2015 मध्ये सहा देशांतले काटेकोर अभ्यास एकत्र प्रसिद्ध झाले: बोस्निया, इथिओपिया, भारत, मेक्सिको, मंगोलिया आणि मोरोक्को. निष्कर्ष थोडक्यात असा की फायदा होतो, पण बेताचा. आयुष्य पालटून जात नाही. कर्ज वाईट आहे असा याचा अर्थ नाही. कर्जाकडून जी अपेक्षा केली ती कर्जाची नव्हती, इतकंच.

आता इथे थोडं थांबू, कारण हा सगळ्या विषयाचा गाभा आहे. बाईच्या हातात पैसा दिला की त्याचं पुढे काय होतं?

श्रीलंकेत छोटे धंदे करणाऱ्यांना संशोधकांनी भांडवल म्हणून अनुदान दिलं. कर्ज नाही, फुकट. पुरुषांच्या धंद्यांचा नफा चांगला वाढला. बायकांच्या धंद्यांचा वाढलाच नाही. बराच काळ याचा अर्थ लावला गेला तो असा की बायका धंद्यात कमी पडतात, त्यांना प्रशिक्षण द्या. पुन्हा तेच गृहीतक! 2019 मध्ये काही संशोधकांनी श्रीलंका, भारत आणि घाना इथली माहिती नव्याने तपासली आणि एक साधा प्रश्न विचारला: त्या घरात आणखी कोणाचा धंदा आहे का? तेव्हा चित्र पालटलं. ज्या घरात धंदा एकट्या बाईचाच होता, तिथे तिला भांडवलावर पुरुषांच्या तोडीचा परतावा मिळाला होता. जिथे नवऱ्याचाही धंदा होता, तिथे तिला मिळालेलं भांडवल त्याच्या धंद्यात गेलं होतं. पैसा बुडाला नव्हता. त्याने फक्त मालक बदलला होता.

हे वाचल्यावर नवऱ्यांना झोडपायचा मोह होतो, पण तेही पुरेसं नाही. एका घरात दोन धंदे असतील तर जिथे जास्त मिळतं तिथे पैसा लावणं हा घराच्या दृष्टीने शहाणपणाचाच निर्णय असू शकतो. अडचण अशी की बाईचा धंदा कायम छोटाच राहतो, आणि तो छोटा आहे म्हणून पुढच्या वेळीही पैसा नवऱ्याच्याच धंद्यात जातो.

यावर उपाय काय? युगांडात एमा रायली या अर्थतज्ज्ञ बाईंनी एक साधी गोष्ट करून पाहिली. कर्ज घेणाऱ्या सुमारे तीन हजार बायकांपैकी काहींना नेहमीसारखी रोख रक्कम मिळाली, आणि काहींना तेच कर्ज त्यांच्या स्वतःच्या मोबाईल खात्यात. रक्कम तीच, व्याज तेच. आठ महिन्यांनी खात्यात कर्ज मिळालेल्यांचा धंद्यातला नफा रोख घेणाऱ्यांपेक्षा सुमारे 15 टक्क्यांनी जास्त होता. घरून पैसे मागितले जाण्याचा ताण ज्यांच्यावर जास्त होता, त्यांना फायदाही जास्त झाला. रोख पैसा घरी आला की तो दिसतो, आणि दिसला की त्याला दहा वाटा फुटतात: दिराची फी, नणंदेचं बाळंतपण, नवऱ्याच्या मित्राची नड. फोनमधला पैसा कोणाच्या नजरेत येत नाही. नाही म्हणायला बळ लागतं, पण 'हातात नाहीत' म्हणायला तितकं लागत नाही.

भारतातही याच धर्तीवर मध्य प्रदेशात एक प्रयोग झाला. रोजगार हमीच्या कामाची बायकांची मजुरी बहुधा घरातल्या पुरुषाच्या खात्यात जमा व्हायची. संशोधकांनी काही गावांत बायकांची स्वतःची खाती उघडली. काही ठिकाणी खातं उघडून सोडून दिलं. काही ठिकाणी मजुरी थेट तिच्या खात्यात जमा व्हावी अशी व्यवस्था केली, आणि खातं कसं वापरायचं याचं छोटंसं प्रशिक्षण दिलं. नुसत्या खात्याने फार काही झालं नाही. मजुरी तिच्या खात्यात थेट आणि सोबत प्रशिक्षण, असं जिथे होतं तिथे बायका जास्त काम करू लागल्या, सरकारी कामावर आणि बाहेरही. ज्या घरांत बाईने बाहेर काम करण्याला आधी सगळ्यात जास्त विरोध होता, तिथे हा परिणाम ठळक होता.

प्रशिक्षण आणि धोरण यांची जोडी कशी जमते ते इथे दिसतं. धोरणाने ठरवलं की पैसा कोणाच्या खात्यात जाईल. प्रशिक्षणाने तिला ते खातं चालवता आलं. दोन्हींतलं एकच केलं असतं तर खातं रिकामं पडलं असतं, किंवा तिला बँकेचं सगळं ज्ञान असतं आणि मजुरी नवऱ्याच्या पासबुकात.

कराचाही या सगळ्याशी संबंध आहे, फक्त तो कोणाच्या लक्षात येत नाही. एक सोपं गणित करू. समजा नवरा 300 कमावतो आणि बायकोला 100 ची नोकरी मिळते आहे. कराचा नियम असा की पहिल्या 100 वर कर नाही, पुढच्या 200 वर 20 टक्के, 300 च्या वर 30 टक्के. दोघांचा कर वेगळा मोजला तर तिच्या 100 वर काहीच कर नाही. पण कुटुंबाचं उत्पन्न एकत्र करून कर मोजला, तर तिचे 100 त्याच्या 300 च्या डोक्यावर बसतात आणि पहिल्या पैशापासून 30 टक्के कापले जातात. उरले 70. जाण्यायेण्याचे 15 गेले, पाळणाघराचे 45 गेले. शिल्लक 10. वेगळा कर असता तर 40 उरले असते. दहासाठी रोज आठ तास आणि घरच्यांची बोलणी कोण ऐकून घेईल? ती घरी राहते, आणि आकडेवारीत 'नोकरी करू इच्छित नाही' या रकान्यात जाते.

प्रत्यक्षातले नियम याहून गुंतागुंतीचे असतात, पण दिशा हीच. स्वीडनने 1971 मध्ये नवरा-बायकोचा कर वेगळा केला, आणि तिथे विवाहित बायकांच्या नोकरीचं प्रमाण वाढण्यामागे हे एक महत्त्वाचं कारण मानलं जातं. जर्मनीत मात्र दोघांचं उत्पन्न एकत्र धरून विभागायची पद्धत 1958 पासून चालत आली, आणि कमी कमावणाऱ्या जोडीदाराला तिचा फटका बसतो म्हणून तिच्यावर वर्षानुवर्षं टीका होत आली आहे. जाता जाता, वरच्या गणितात पाळणाघराचे 45 आपण तिच्याच पगारातून वजा केले, ते तुमच्या लक्षात आलं का? मूल दोघांचं आहे. पण हा हिशेब बहुतेक घरांत असाच होतो, आणि लिहिताना माझ्याही हातून तसाच झाला.

मग सरकारने पाळणाघरं द्यावीत? द्यावीत, पण कोणाच्या खर्चाने हे फार जपून ठरवावं लागतं. चिलीत असा कायदा आहे की वीस किंवा त्याहून जास्त बायका कामावर असतील तर मालकाने पाळणाघराचा खर्च उचलायचा. ऐकायला उत्तम. अभ्यास झाला तेव्हा दिसलं की या नियमाखाली येणाऱ्या कंपन्यांत नव्याने लागणाऱ्या बायकांचा सुरुवातीचा पगार कमी झाला होता. मालकाने खर्च उचलला, आणि हळूच तिच्याच पगारातून वसूल केला. शिवाय विसाव्या बाईला कामावर घेताना तो दोनदा विचार करणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. मुलं सांभाळण्याची जबाबदारी फक्त बायकांच्या संख्येशी बांधली की बाई महाग पडते. बापांचीही मोजणी केली, किंवा खर्च सगळ्यांच्या करातून केला, तर तसं होत नाही.

कॅनडातल्या क्वेबेक प्रांताने दुसरा मार्ग धरला. 1997 पासून तिथे सरकारी मदतीने दिवसाला पाच डॉलरमध्ये पाळणाघर मिळू लागलं. लहान मुलांच्या आयांचं नोकरीतलं प्रमाण स्पष्ट वाढलं. पण इतक्या झपाट्याने जागा वाढवताना दर्जा सगळीकडे सारखा राहिला नाही, आणि मुलांच्या वागणुकीवर झालेल्या परिणामांबद्दल संशोधकांनी काळजीही व्यक्त केली. म्हणजे पाळणाघर असणं पुरत नाही, ते चांगलं असावं लागतं. तिथे काम करणाऱ्याही बहुतेक बायकाच असतात, आणि त्यांना पगार किती मिळतो हा याच विषयातला पुढचा प्रश्न.

आता पुन्हा प्रशिक्षणाकडे येऊ. इतकं ऐकल्यावर प्रशिक्षण म्हणजे वाया गेलेला पैसा असं वाटेल, पण तसं नाही. काही प्रशिक्षणं चालतात, आणि ती का चालतात हे बघण्यासारखं आहे. लायबेरियात यादवी युद्धानंतर तरुण मुलींसाठी एक कार्यक्रम राबवला गेला. वर्ग घराजवळच भरायचे. मुलींना सकाळची किंवा दुपारची वेळ निवडता यायची. मुलं सांभाळायची सोय असायची. वर्ग संपल्यावरही सहा महिने नोकरी शोधायला किंवा धंदा सुरू करायला मदत मिळायची. आणि सगळ्यात हुशारीची गोष्ट अशी की प्रशिक्षण देणाऱ्या संस्थांच्या मोबदल्याचा काही भाग मुली कामाला लागल्या तरच मिळायचा. म्हणजे फोटो काढून निघून जायची सोयच ठेवली नव्हती. मुलींचं रोजगाराचं प्रमाण 47 टक्क्यांनी वाढलं आणि कमाई 80 टक्क्यांनी. त्यातही बहुतेक वाढ स्वतःचा धंदा शिकवणाऱ्या वर्गांतून आली, नोकरीसाठीच्या वर्गांतून कमी.

काय शिकवता यानेही मोठा फरक पडतो. टोगोची राजधानी लोमे इथे दीड हजार छोट्या उद्योजकांवर झालेला प्रयोग 2017 मध्ये प्रसिद्ध झाला. एका गटाला नेहमीचं धंद्याचं प्रशिक्षण, म्हणजे हिशेब, विक्री, पैशाचं नियोजन. दुसऱ्या गटाला मानसशास्त्रावर आधारलेलं प्रशिक्षण: आपण होऊन पाऊल कसं उचलायचं, दुसऱ्यांपेक्षा वेगळं काय द्यायचं, अडचण आली तर दुसरा रस्ता कसा काढायचा. नेहमीच्या प्रशिक्षणातून बायकांच्या नफ्यात जेमतेम 5 टक्के फरक पडला. दुसऱ्यातून 40 टक्के. हिशेब लिहायला शिकणं चांगलंच, पण शेजारच्या दहाजणी विकतात तेच विकत राहिलं तर वहीत लिहायला आकडे थोडेच येणार.

शिलाई मशिनाची खरी अडचण इथेच आहे. एकाच वस्तीतल्या चाळीस जणींना शिवण शिकवलं तर चाळीस शिंपिणी तयार होतात, गिऱ्हाईकं मात्र तेवढीच राहतात. शिवण, भरतकाम, केशरचना, खाद्यपदार्थ हे 'बायकांचे धंदे' म्हणून ठरून गेलेत, म्हणून सगळ्या तिथेच येतात, आणि म्हणून तिथे मिळकत कमी. युगांडात कंपालामध्ये लोखंडकाम, सुतारकाम, वायरिंग अशा पुरुषी समजल्या जाणाऱ्या धंद्यांत शिरलेल्या बायकांचा अभ्यास झाला. त्या बायकी धंद्यांतल्या बायकांच्या तिप्पट कमावत होत्या, आणि त्याच धंद्यांतल्या पुरुषांइतकंच. मग बाकीच्या तिकडे का जात नाहीत? एक कारण असं निघालं की तिकडे जास्त मिळतं हेच अनेकींना माहीत नव्हतं. आणि ज्या गेल्या, त्यांना बहुतेक वेळा कोणीतरी ओळखीच्या पुरुषाने हात दिला होता: वडील, काका, नवरा, मित्र. अशा धंद्यात शिरायला कारागिरीच्या आधी ओळख लागते, आणि ती अभ्यासक्रमात नसते.

'लोक काय म्हणतील' हा मुद्दा उरतोच. सौदी अरेबियात रियाधमध्ये तरुण विवाहित पुरुषांना खाजगीत विचारलं गेलं, बायकोने घराबाहेर नोकरी करायला तुमची हरकत आहे का? बहुतेकांची नव्हती. मग विचारलं, तुमच्या आसपासच्या पुरुषांना काय वाटत असेल? तिथे मात्र बहुतेकांनी इतरांचा पाठिंबा प्रत्यक्षात होता त्यापेक्षा बराच कमी धरला. म्हणजे बहुतेक जण मनातून तयार, पण इतर काय म्हणतील या धास्तीने गप्प. संशोधकांनी काही जणांना खरे आकडे दाखवले. त्यांच्यात बायकोचं नाव नोकरीसाठी नोंदवणारे वाढले, आणि काही महिन्यांनी त्यांच्या बायका अर्ज करण्यात, मुलाखतीला जाण्यात पुढे दिसल्या. हे संशोधन 2020 मध्ये प्रसिद्ध झालं. एक आकडा दाखवायला फार खर्च येत नाही. वर्ग मात्र या वेळी नवऱ्यांसाठी घ्यावा लागला.

शेवटी कौशल्याच्या किमतीची गोष्ट. समजा बाईला शिवण उत्तम येतं, मूल पाळणाघरात आहे, खातं तिचं आहे, आणि तिला कारखान्यात कायमची नोकरी आहे. तरीही तिच्या कामाला कुशल म्हणायचं की नाही हे ठरवणारा दुसराच कोणी असतो. लंडनमध्ये डॅगनम इथल्या फोर्डच्या कारखान्यात मोटारींच्या आसनांची आवरणं शिवणाऱ्या 187 बायका होत्या. कंपनीने कामांची नवी प्रतवारी केली आणि त्यांचं काम कमी कौशल्याच्या वर्गात टाकलं. त्या वर्गातल्या पुरुषांना मिळायची त्याच्या 85 टक्केच मजुरी त्यांना मिळायची. जून 1968 मध्ये त्यांनी मशिनं बंद केली. आवरणं नाहीत तर मोटार पुरी होत नाही, आणि सगळं उत्पादन थांबलं. मंत्री बार्बरा कॅसल यांनी मध्यस्थी केली, मजुरी पुरुषांच्या 92 टक्क्यांवर आली, आणि या संपाच्या धक्क्यातून 1970 मध्ये ब्रिटनचा समान वेतन कायदा झाला.

सगळीकडे ही गोष्ट इथेच संपवतात, कारण इथे ती गोड आहे. पण त्या बायकांची मूळ मागणी वेगळी होती. आमचं काम कौशल्याचं आहे, ते तसं मोजा, असं त्या म्हणत होत्या. कामावर घेताना त्यांची मशिनावर परीक्षा घेतली जायची, आणि परीक्षा घेऊन निवडलेल्या बाईला कागदावर मात्र अर्धकुशल म्हटलं जायचं. ती मागणी 1968 मध्ये मान्य झाली नाही आणि 1970 च्या कायद्यानेही पुरी झाली नाही. त्यासाठी त्यांना 1984 मध्ये पुन्हा कित्येक आठवडे मशिनं बंद ठेवावी लागली. तोवर पहिल्या संपातल्या बऱ्याच जणींची निवृत्तीची वेळ झाली होती.